शाळेच्या सुट्ट्यांची यादी: ७६ दिवसांत सगळ्यांचे सण कसे बसवायचे

सणावाराला सरकारी शाळा बंद ठेवावी की नाही, यावर गावात दरवर्षी वाद ठरलेला. पोळ्याला सुट्टी का नाही, ईदला एकच दिवस का, इंग्रजी शाळेला नाताळचा आठवडा मिळतो मग आपल्या पोरांना का नाही. वादाला अंत नाही, यादीला मात्र आहे. महाराष्ट्रात माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे वर्षभरातल्या सगळ्या प्रकारच्या सुट्ट्या मिळून ७६ च्या वर जाता कामा नयेत आणि कामाचे दिवस किमान २३० भरले पाहिजेत. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांच्या याद्याही याच ७६ च्या मापात बसवल्या जातात. तेव्हा प्रश्न 'सण मोठा की छोटा' असा घेऊन बसलात तर बैठक भांडणातच संपेल. त्या दिवशी वर्गात मुलं असतात का, नसतील तर तो दिवस ७६ मध्ये कुठून काढायचा, एवढंच विचारा. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी हे काम कसं करावं, ते पुढे दिलं आहे.

आधी वही आणि पेन्सिल

एक गोष्ट पक्की करा: ७६ मध्ये रविवार मोजायचे नाहीत. दीर्घ सुट्टीच्या मधे येणारे रविवारही वजा करायचे. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. दिवाळीची १४ दिवसांची सुट्टी कोणी १४ मोजतो, कोणी १२, आणि वर्षअखेर दोन शाळांच्या याद्या जुळत नाहीत.

२०२६-२७ चं उदाहरण घेऊ. १५ जून २०२६ ते १४ जून २०२७ हे ३६५ दिवस. त्यात ५२ रविवार, म्हणजे राहिले ३१३. त्यातून ७६ काढले की २३७. किमान लागतात २३०. म्हणजे अख्ख्या वर्षात हाताशी शिल्लक फक्त ७ दिवस, आणि तेही अतिवृष्टी, मतदान केंद्र म्हणून घेतलेली इमारत, शिक्षकांचं प्रशिक्षण अशा गोष्टींत संपतात. हे ७ दिवस सणांना वाटून टाकायचे नाहीत.

आता ७६ ची वाटणी. उन्हाळ्याची सुट्टी २ मे ते १४ जून धरली तर ४४ दिवस, त्यात ७ रविवार, म्हणजे ३७ खर्ची. (विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीकडे उघडतात, तिथे हा आकडा वाढतो आणि पुढचं सगळं गणित आणखी आवळतं.) दिवाळीची सुट्टी समजा ५ ते १८ नोव्हेंबर २०२६: १४ दिवस, २ रविवार, म्हणजे १२. झाले ४९. उरले २७.

या २७ मधून शासनाच्या सार्वजनिक सुट्ट्या काढा. रविवारी येणाऱ्या आणि दीर्घ सुट्टीत पडणाऱ्या सोडल्या, तर या वर्षी त्या १७ ते १९ भरतील; मधला १८ धरू. राहिले ९. जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातल्या ३ स्थानिक सुट्ट्या आणि बहुतेक जिल्ह्यांत मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या २, अशा ५ गेल्या.

शिल्लक ४. गौरीपूजन, अनंत चतुर्दशी, पोळा, नागपंचमी, रक्षाबंधन, घटस्थापना, मकरसंक्रांत, नाताळचा आठवडा, ईदचा दुसरा दिवस, गावची जत्रा: स्थानिक सुट्टीत ज्याला जागा मिळाली नाही, तो या चार जागांच्या रांगेत उभा. हा ताळा बैठकीत फळ्यावर मांडा. निम्मी भांडणं इथेच मिटतात, कारण मागणाऱ्यालाही दिसतं की आपला दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी दिवसाच्या बदल्यात आहे.

तारखा: मागच्या वर्षीची यादी समोर ठेवून नवी करू नका

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे जूननंतरचे तिथीवरचे सण एकदम पुढे सरकतात. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर. पहिल्या सत्राची परीक्षा जुन्या सवयीने ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात उरकलीत, तर दिवाळीपर्यंत तीन-चार आठवडे मोकळे पडतात आणि त्या काळात हजेरी आपोआप गळते. परीक्षा दिवाळीला चिकटवूनच घ्या.

हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे मुस्लिम सण दरवर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे येतात. बकरी ईद २०२५ मध्ये ७ जूनला होती. २०२६, २०२७ आणि २०२८ या तिन्ही वर्षी ती मे महिन्यात, म्हणजे उन्हाळी सुट्टीत जाते. तेव्हा ७६ मधला एक दिवस त्या खात्यावर खर्च होत नाही. उलट रमजानचा महिना आता फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे, शालान्त परीक्षांच्या तोंडावर. उर्दू माध्यमाच्या शाळांची यादी बऱ्याच जिल्ह्यांत वेगळी निघते, पण मराठी माध्यमाच्या शाळेत रोजा धरणारी मुलं असतील तर त्या महिन्यात खेळाच्या स्पर्धा आणि सहली ठेवू नयेत. याला सुट्टी लागत नाही, वेळापत्रकात नजर लागते.

ईदची तारीख चंद्रदर्शनावर. यादीत ती लिहिताना शेजारी 'शासन अधिसूचनेनुसार बदलास पात्र' असं लिहा आणि त्या तारखेच्या आधीचा व नंतरचा दिवस चाचणीसाठी वापरू नका. शिवाय ऐन वेळी शासनही दिवस बदलतं. ईद-ए-मिलाद २०२३ मध्ये अनंत चतुर्दशीच्याच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, म्हणून सुट्टी २९ ला गेली. २०२४ मध्ये मुंबईत ती १६ सप्टेंबरवरून १८ ला सरकली. २०२५ मध्ये मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांत ५ ऐवजी ८ सप्टेंबर झाली, बाकी राज्यात ५ तारीखच राहिली. असल्या वेळी मुंबईचं परिपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवरून राज्यभर फिरतं आणि दूरच्या जिल्ह्यातली एखादी शाळा चुकीच्या दिवशी बंद राहते. परिपत्रकाच्या मजकुरात 'कोणत्या जिल्ह्यासाठी' ते वाचल्याशिवाय पालकांच्या गटावर टाकू नका.

आणखी दोन बारीक गोष्टी. दोन सण एकाच तारखेला आले की सुट्टी एकच धरायची: २ ऑक्टोबर २०२५ ला गांधी जयंती आणि दसरा एकत्र होते, १ मे २०२६ ला महाराष्ट्र दिन आणि बुद्ध पौर्णिमा. दुसरं, सरकारी कार्यालयांची यादी जशीच्या तशी उतरवू नका. कार्यालयांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे शनिवारी आलेल्या सणापायी त्यांचा कामाचा दिवस जात नाही. शाळा शनिवारी भरते, तुमच्या ७६ मधून तो दिवस जातोच.

उरलेल्या चार दिवसांवर हक्क कुणाचा: हजेरीपत्रकाला विचारा

मागच्या तीन वर्षांची हजेरीपत्रकं काढा. ज्या सणांची मागणी आहे त्या प्रत्येकाचा आदला दिवस, तो दिवस आणि दुसरा दिवस, असे तीन रकाने पाडा. शेजारी त्या महिन्याची सरासरी हजेरी लिहा. तारखा दरवर्षी बदलतात, तेव्हा तिथी पाहून दिवस शोधा. २०२३ चा पोळा आणि २०२५ चा पोळा एका तारखेला नसतो.

हजेरीपत्रकावर पूर्ण भिस्त नको. पोषण आहाराच्या नोंदवहीत त्या दिवशी जेवलेल्या मुलांचा आकडा असतो, तो शेजारी मांडा. दोन्ही आकडे जवळपास असले तर नोंद खरी. हजेरी ९२ आणि जेवायला ४१ असं दिसलं, तर काय झालं असेल ते तुम्हालाही कळतं. सकाळी नाव लावून मुलं घरी पळालेली असतात.

समजा पटावर पहिली ते पाचवीची १२० मुलं, महिन्याची सरासरी १०४. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तीन वर्षं ४०, ३६, ४४. ही शाळा त्या दिवशी चालू ठेवण्यात अर्थ नाही: नवा धडा घेता येत नाही, घेतला तर दुसऱ्या दिवशी उरलेल्यांसाठी पुन्हा घ्यावा लागतो. आणि पहिली ते पाचवीला प्रत्येकी १०० ग्रॅम प्रमाणे पटाच्या हिशेबाने १२ किलो तांदूळ शिजवून बसलात, तर ४ किलोच्या आसपासच खपतो.

आमचा ठोकताळा असा. तिन्ही वर्षी हजेरी सरासरीच्या निम्म्याखाली गेली असेल तर तो दिवस सुट्टीला लायक. निम्मे ते तीन चतुर्थांश असेल तर सकाळचं सत्र ठेवा. त्याच्या वर असेल तर शाळा चालू, मग मागणी कितीही मोठ्या आवाजात येवो. हा कुठला सरकारी नियम नाही. पण आकड्यावर घेतलेला निर्णय पुढच्या वर्षी पुन्हा उकरला जात नाही, हा त्याचा फायदा.

हिशेब केला की काही गोष्टी अनपेक्षित निघतात. आषाढी एकादशी हा महाराष्ट्रातला केवढा मोठा दिवस, पण ज्या शाळा दिंडी काढतात त्यांच्याकडे त्या दिवशी हजेरी उलट वाढते. विठ्ठल-रखुमाई व्हायला कोण घरी बसेल? तिथे सुट्टी देणं म्हणजे भरलेली शाळा बंद करणं. (उपास धरणाऱ्या मुलांचं प्रमाण पाहून त्या दिवशी भात किती टाकायचा ते आदल्या दिवशी हात वर करून मोजा.) पालखी मार्गावरच्या गावांचं वेगळं: शाळेच्या खोल्यांत वारकरी उतरले असतील तर वर्ग भरवायला जागाच नसते. तो दिवस शक्यतो स्थानिक सुट्टीत बसवून घ्यावा.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा भागात, होळीच्या आठवड्यात आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो. यादीत धुळवडीचा एक दिवस असतो, मुलं मात्र आठवडाभर बाजारांच्या मागे. तिथे एका दिवसाची सुट्टी वाढवून काही साधत नाही. सकाळचं सत्र, उजळणी, आणि चाचणी होळीनंतर किमान चार दिवसांनी, एवढं केलं तर नुकसान आवरतं. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत; तिथे हा दिवस स्थानिक सुट्टीत येत असल्यामुळे शाळेला स्वतःचा दिवस घालावा लागत नाही. कोणता दिवस जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो हे आधी पाहिलं नाही, तर मुख्याध्यापकांची एक सुट्टी फुकट जाते.

श्रावणी सोमवारची अर्धी सुट्टी हा छुपा खर्च. ती ७६ मध्ये कुठेच दिसत नाही. पण चार-पाच सोमवारी दोन-अडीच तास गेले की १० तासांच्या आसपास अध्यापन गेलं. शिक्षण हक्क कायदा दिवसांबरोबर तासही मोजतो: पहिली ते पाचवी २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस आणि १००० तास. सहावीच्या पुढे सरासरी रोज साडेचार तासांहून थोडं जास्त अध्यापन लागतं. परिपाठ आणि मधली सुट्टी त्यातून वगळा, मग शनिवारची सकाळची शाळा किती तोकडी आहे ते दिसेल. अर्ध्या सुट्ट्या वाटताना हात आखडता घ्या.

दहा-पंधरा मुलांचा सण

हजेरीच्या सरासरीत एक खोट आहे आणि ती मुद्दाम लक्षात ठेवावी लागते. शंभर मुलांत आठ ख्रिस्ती किंवा बारा मुस्लिम असतील, तर त्यांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी ती सगळी गैरहजर राहिली तरी शाळेचा आकडा ८८-९२ च दाखवतो. नुसता ठोकताळा लावला तर त्या मुलांचा सण कधीच दिसणार नाही.

त्यांच्यासाठी शाळा बंद करायची गरज नाही, पण शाळेनं चार गोष्टी पाळायच्या. त्या दिवशी चाचणी, तोंडी परीक्षा, शिष्यवृत्तीचा सराव पेपर ठेवायचा नाही. गणितात नवी संकल्पना सुरू करायची नाही. पालकाची साधी चिठ्ठी किंवा फोन आला तर रजा मान्य, पुढे चौकशी नाही. आणि पूर्ण उपस्थितीचं बक्षीस असेल तर ही रजा त्याच्या आड येऊ द्यायची नाही. हे शेवटचं बहुतेक शाळा विसरतात: वर्षभर न चुकता आलेली मुलगी ईदच्या दुसऱ्या दिवशी मामाकडे गेली म्हणून बक्षीस हुकतं, आणि गणपतीत गावी गेलेल्या मुलाचं हुकत नाही, कारण तेव्हा शाळाच बंद असते.

जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी प्रत्येक पालकाला एकच प्रश्न विचारा: वर्षात कोणत्या दोन-तीन दिवशी तुमचं मूल नक्की येणार नाही? धर्म विचारायची गरज पडत नाही. उत्तरं एका कागदावर महिन्यावार लिहून वर्गशिक्षकाच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवा. बंजारा तांड्याची तीज, धनगर वाड्याची जत्रा, महापरिनिर्वाण दिनासाठी ६ डिसेंबरला दादरला जाणारी कुटुंबं, सगळं त्या एका कागदावर येतं.

मोठी सुट्टी फोडून सणाला देणं

कोकणात गणपतीला एक दिवस सुट्टी म्हणजे सुट्टी नव्हेच. यासाठी शिक्षण विभागाच्या परिपत्रकात सोय असते: उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून ती गणेशोत्सव किंवा नाताळासारख्या सणाला समायोजनानं घेता येते, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनं. परवानगी आधी, सुट्टी नंतर.

२०२६ मध्ये चतुर्थी सोमवारी आहे, ही चांगली गोष्ट. १४ ते १९ सप्टेंबर असा सोमवार-शनिवार घेतला, तर १४ तारीख सार्वजनिक सुट्टीत मोजलेली आहेच, जादा लागतात ५. हे ५ दिवाळीच्या १२ मधून काढा. दिवाळी मग ७ दिवसांवर येते: ६ ते १३ नोव्हेंबर, मधला रविवार वगळून. वसई किंवा सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती वस्तीच्या शाळेला नाताळसाठी असंच करता येईल. मात्र एकाच दिवाळीतून गणपती आणि नाताळ दोन्ही काढायला गेलात तर दिवाळी दोन-तीन दिवसांची उरते आणि पालक ती मानत नाहीत. मुलं पाडव्यानंतर आठवडाभर येत नाहीत. म्हणजे दिवस तुमच्या खात्यातूनही गेले आणि वर्गही भरला नाही.

समायोजन एकट्या शाळेनं करू नये. एका घरातला मोठा हायस्कूलला आणि धाकटी जिल्हा परिषद शाळेत असते. दोघांच्या सुट्ट्या वेगळ्या पडल्या की गावी जाणारं कुटुंब धाकटीला बिनदिक्कत घेऊन जातं. केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांनी आणि जवळच्या हायस्कूलनं एकत्र बसून तारखा ठरवाव्यात.

यादी मंजूर करून घेणं

जिल्हा परिषद शाळांची मुख्य यादी जिल्हा स्तरावर शिक्षणाधिकारी (प्राथमिक) काढतात. वर सांगितलेल्या चार जागा बहुधा तिथेच भरल्या जातात. शाळेला काही म्हणायचं असेल तर यादी निघायच्या आधी, एप्रिलमध्येच, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे हजेरीच्या तक्त्यासह द्यावं. अनुदानित हायस्कूल आपली यादी करून शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे मंजुरीला पाठवतं.

शाळेच्या हातात खऱ्या अर्थानं राहतात त्या मुख्याध्यापकांच्या २ सुट्ट्या. त्या जूनमध्ये जाहीर करून मोकळे होऊ नका. एक गावच्या जत्रेला ठेवा, दुसरी मात्र जानेवारी येईपर्यंत राखून ठेवा. त्या घेताना समितीचा ठराव असावा. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असतात, त्यामुळे गावातल्या सगळ्या वस्त्यांचं ऐकलं गेलं असं म्हणता येतं, अर्थात बैठकीला त्या वस्त्यांतले सदस्य हजर असतील तर. ठरावाचा मजकूर साधा ठेवा:

'गावच्या यात्रेनिमित्त दि. __ रोजी मुख्याध्यापक अधिकारातील सुट्टी क्र. १ घेण्यात यावी. मागील तीन वर्षांत या दिवशीची उपस्थिती अनुक्रमे __, __, __ (पट __) होती. ही सुट्टी धरून वर्षातील एकूण सुट्ट्या __ होतात. सूचक __, अनुमोदक __.'

कारणापुढे आकडा असला की वरच्या कार्यालयातून उलट विचारणा येत नाही. 'ग्रामस्थांच्या भावना लक्षात घेऊन' असं लिहिलंत की येते.

कोणी 'हा आमचा हक्क आहे' म्हणत आलं, तर चिडू नका. सार्वजनिक सुट्टी मिळणं हा कुणाचाही मूलभूत हक्क नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. उलट बाजूनं 'सरकारी शाळेनं धार्मिक सुट्टी द्यावीच का' असा सवाल आला, तर उत्तर हेच की राज्यघटनेचं कलम २८ पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायला मनाई करतं. मुलं येणारच नाहीत त्या दिवशी शाळा बंद ठेवण्याला नाही. सणाच्या आदल्या दिवशी शाळेत आरती किंवा प्रार्थना सक्तीची करणं ही मात्र वेगळी गोष्ट, ती टाळावी.

वर्ष चालू झाल्यावर

मंजूर यादीची एक प्रत फलकावर, एक पालकांच्या गटावर, आणि एक पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडे. ही तिसरी प्रत विसरली की सुट्टीच्या दिवशी सकाळी तांदूळ धुऊन ठेवलेला सापडतो.

कार्यालयात भिंतीवर दोन आकडे दर महिन्याच्या शेवटी बदलत राहा: आजवर घेतलेल्या सुट्ट्या आणि भरलेले कामाचे दिवस. अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी शाळा बंद ठेवल्या तर तो दिवस तिसऱ्या रकान्यात वेगळा लिहा, सणाच्या खात्यात मिसळू नका. तो रकाना ५ वर गेला की थांबा आणि भरपाई ठरवा. शनिवार पूर्ण वेळ भरवणं हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग. एका शनिवारी जादा दोन तास मिळाले तर पाच शनिवारांत दोन दिवसांचं अध्यापन भरून निघतं. मात्र त्यानं तास भरतात, दिवस नाही. २३० चा आकडाच कमी पडत असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन राखून ठेवलेली मुख्याध्यापकांची सुट्टी सोडून द्या किंवा उन्हाळी सुट्टी उशिरा सुरू करा. फेब्रुवारीनंतर जागं होऊन उपयोग नाही, तोवर परीक्षांचं वेळापत्रक लागलेलं असतं.